एका टिंबापायी हरवलेली कादंबरी

बडोद्यापासून बसने तासाभरावर असलेल्या एका तालुक्याच्या गावातून प्रश्न आला आहे. विचारणाऱ्या ताई लग्नानंतर सांगलीहून तिथे आल्या. सासूबाईंना हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ पुन्हा एकदा वाचायची आहे, जमलं तर गडकऱ्यांची नाटकंही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारलं तर ‘मराठी नथी, बेन’ एवढंच उत्तर मिळालं. संगणकावर नाव टाकून पाहिलं, तिथेही शून्य. आशा धरावी का, की सरळ पुण्याहून मागवावं?

ताई, पुण्याहून मागवायला तुम्ही मोकळ्या आहातच. पण त्याआधी त्याच वाचनालयात आणखी दोन खेपा घाला. माझी सगळी नोकरी ग्रंथालयांत गेली, बरीचशी बडोद्यात आणि थोडी आजूबाजूच्या गावांत. ‘मराठी नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या वाचनालयांतून मी इतकी मराठी पुस्तकं बाहेर काढली आहेत की ते वाक्य ऐकलं की मला उलट हुरूप येतो. तुमच्याकडे काल-परवाची मराठी कादंबरी मिळणार नाही, हे मीही सांगतो. हरिभाऊ मात्र मिळण्याची शक्यता बरीच आहे.

असं का, ते आधी सांगतो, कारण शोधायचं कुठे हे त्यावरच ठरतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सुटल्यावर हाताशी वाचायला काही नसेल तर माणूस अक्षर विसरतो, म्हणून त्यामागोमाग वाचनालयं आली. १९१० साली अमेरिकेतल्या न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांच्या हाती हे खातं दिलं गेलं. गावोगावच्या वाचनालयांसाठी हिशेब तिहेरी होता : गावाने एक वाटा जमवायचा, तेवढाच सरकार घालणार आणि तेवढाच पंचायत. हा वाटा खेड्याला वर्षाला शंभर रुपयांपर्यंत, तालुक्याच्या गावाला तीनशे आणि प्रांताच्या ठिकाणी सातशे. आता गावाचा वाटा भरणार कोण? व्यापारी आणि सावकार तर होतेच, पण त्यांच्या जोडीला वहिवाटदार, मुन्सफ, फौजदार, मास्तर अशी नोकरदार मंडळीही होती, आणि त्यांत मराठी घरं भरपूर. ज्याने वर्गणी भरली तो आपल्या भाषेतली पुस्तकं मागणारच. बदली झाली, पेन्शन झाली, माणूस गेला, की घरातलं कपाटही वाचनालयाला दिलं जायचं.

मग १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० साली गुजरात वेगळा झाला. मराठी अंमलदार गेले, मराठी मागणारा सभासद कमी झाला, खरेदी आटली. म्हणजे तुमच्या गावच्या मराठी संग्रहाची वाढ बहुधा तिथेच कुठेतरी थांबली आहे. नव्या वाचकाला ही अडचण वाटते, पण सासूबाईंना हवं ते नेमकं त्याच्या आधीचं आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणकावर शून्य आलं याचा अर्थ ‘पुस्तक नाही’ असा होत नाही. तुम्ही टाकलेली अक्षरं आणि कोणीतरी कधीतरी टाकलेली अक्षरं जुळली नाहीत, एवढाच तो अर्थ. लहान वाचनालयांत संगणक आला तेव्हा जुन्या पुस्तकांची नोंद करायला सुट्टीतली पोरं बसवली गेली, आणि त्यांतल्या अनेकांना मराठी येत नव्हतं. काहींनी रोमन लिपीत नावं टाकली, काहींनी गुजरातीत. काहींनी मराठीच्या गठ्ठ्याला हातच लावला नाही, तो ‘नंतर’साठी ठेवला, आणि ते ‘नंतर’ अजून उजाडलेलं नाही.

तुमच्याच पुस्तकाचं उदाहरण घ्या. तुम्ही ‘लक्षात’ टाकलंत. पण मराठी लेखनाचे हल्लीचे नियम १९६२ चे. त्याआधी न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास दिले जात : नांव, कांहीं, घरांत, लोकांत. जुन्या प्रतीच्या शीर्षकपानावर ‘लक्षांत’ असणार आणि नोंदणाऱ्याने प्रामाणिकपणे तेच उतरवलं असणार. माणसाला ते टिंब दिसतसुद्धा नाही, संगणकाच्या लेखी मात्र तो वेगळाच शब्द. कोणी ‘लक्ष्यांत’ लिहिलं असेल तर आणखी वेगळा. रोमनमध्ये ‘क्ष’चे तर तीन-चार अवतार होतात, आणि आपल्या गुजरातेत लक्ष्मीबाईंच्या नावात जी फुलीसारखी रोमन खूण घालतात ती घालून कोणी ‘लक्षात’ लिहिलं असेल तर तुम्ही जन्मभर शोधत राहाल.

म्हणून पूर्ण नाव कधीच टाकू नका. ज्यात ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षर यांतलं काही नाही असा नावाचा एकच तुकडा घ्या आणि तेवढाच टाका. इथे ‘घेतो’ चालेल. रोमनमध्येही ‘घेतो’ फारसं बिघडवता येत नाही. यादी लांबली तर लांबू द्या, डोळ्यांनी चाळा. मग तोच शब्द गुजराती लिपीत टाकून पाहा. बडोद्याकडच्या नोंदींत हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे : पुस्तक मराठी, पण नोंद गुजराती अक्षरांत.

याच जातीची आणखी एक गंमत आहे. सावरकरांच्या लिपिसुधारणेतून आलेली ‘अ’ची बाराखडी एका काळात बऱ्याच छापखान्यांनी उचलली होती. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या अंकांत ती सर्रास दिसेल. तिच्यात इतिहासाचा ‘अितिहास’ होतो आणि उषेची ‘अुषा’. असं पुस्तक यादीत इ-उ खाली सापडत नाही, ते ‘अ’मध्ये जाऊन बसलेलं असतं. मी स्वतः एका कथासंग्रहासाठी दीड दिवस ‘उ’चे कार्ड चाळले होते. शेजारच्या शिपायाने सहज ‘अ’चा खण ओढला आणि हसला.

लेखकाच्या नावाचा घोळ याहून मोठा. मराठी वाचक ‘हरिभाऊ’ म्हणतो, पुस्तकावर ‘हरि नारायण आपटे’, नोंदीत ‘आपटे ह. ना.’, आणि ज्याला आडनाव कळलं नाही त्याने केलेल्या नोंदीत ‘हरि’ हेच पहिलं. शिवाय ‘हरि’ की ‘हरी’ हा वाद आहेच. गुजराती नोंदणाऱ्यांना मराठी आडनाव ओळखायला अडचण येत नाही, पण ‘कर’ लागलेलं नसलं की ते चाचपडतात.

आणि टोपणनावं! गडकरी हवे असतील तर त्यांना तीन ठिकाणी शोधावं लागतं. नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. ‘वाग्वैजयंती’ गोविंदाग्रजांच्या नावाखाली, ‘एकच प्याला’ गडकऱ्यांच्या नावाखाली, आणि दोन्ही एकाच माणसाची हे नोंदणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, केशवकुमार म्हणजे आपले अत्रे. ज्या कोणाचं पुस्तक शोधाल त्याची दोन्ही नावं कागदावर लिहून न्या. सासूबाईंना विचारलंत तर त्या यादी तोंडपाठ सांगतील, त्या पिढीला हे सगळं शाळेतच येत असे. जाता जाता सांगतो, गडकऱ्यांचा जन्म १८८५ साली आपल्याकडचाच, नवसारीचा. तेव्हा नवसारी गायकवाडी मुलखात होती. वाचनालयातल्या माणसाला हे सांगितलंत तर त्याचा चेहरा जरा खुलतो आणि तो खुर्चीवरून उठतो, हा माझा अनुभव आहे.

समजा संगणकाने काहीच दिलं नाही. मग कपाटांकडे जा, पण ‘मराठी’ अशी पाटी शोधत जाऊ नका. बहुतेक वाचनालयांत पुस्तकांच्या पाठीवर दशांश वर्गीकरणाचा आकडा असतो. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं : कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. गुजराती त्याला खेटून ८९१.४७ ला आणि हिंदी ८९१.४३ ला. आता ज्याला मराठी वाचता येत नाही त्याच्या हातात देवनागरीतलं पुस्तक आलं की तो काय करणार? तो ते हिंदीत लावणार. म्हणून आधी हिंदीचं कपाट बघा, आणि अगदी खालचा खण बघा, कारण कोणी न मागितलेली पुस्तकं हळूहळू खाली सरकतात. हिंदी कादंबऱ्यांच्या रांगेत मला वा. म. जोश्यांची ‘रागिणी’ मिळाली आहे, तीही एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या गावांत.

नावावरून भलत्याच विषयात गेलेली पुस्तकं हा तर स्वतंत्र मजेचा भाग. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, विधवांच्या स्थितीवरची कादंबरी, मराठीतल्या अगदी पहिल्यांपैकी. मला तिची एक प्रत प्रवासवर्णनांत, नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांना टेकून उभी असलेली मिळाली. नदीचं नाव आहे, पर्यटन आहे, बिचाऱ्याचं चुकलं कुठे? गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ कधी प्रवासात, कधी सत्तावन्नच्या इतिहासात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चरित्रांत असणं योग्यच, पण मी ती चित्रकलेतही पाहिली आहेत. ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध, ‘गीतारहस्य’ हे सगळं धर्माच्या कपाटात, संस्कृत पोथ्यांसोबत. आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूने सांगितलेली आपली कहाणी असल्यामुळे एखाद्या चौकस माणसाने पहिली दोन पानं वाचून ती आत्मचरित्रांत टाकली असेल, तर मला नवल वाटणार नाही.

इथपर्यंतही हाती काही लागलं नाही तर माझा खरा हुकमी एक्का काढा. तो म्हणजे जुनं दाखल रजिस्टर.

वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक, विकत असो की भेट, आलं त्या दिवशी एका लांबरुंद वहीत चढवलं जातं : तारीख, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, साल, किंमत, कोणाकडून मिळालं आणि शेवटी शेरा. कार्ड हरवतात, संगणक बदलतात, कपाटं हलतात, पण ही वही सहसा टाकली जात नाही, कारण ऑडिटला ती लागते. जुन्या वाचनालयात अशा दहा-बारा वह्या तरी असतात, कोनाड्यात किंवा ग्रंथपालांच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात, लाल फडक्यात बांधलेल्या. तुम्हाला १९६० च्या आधीच्या हव्यात. गुजरातीत सरळ विचारा, ‘भाई, जूनुं दाखल रजिस्टर जोवा मळशे?’ कशाला, असं विचारलं तर खरं सांगा : सासूबाईंना एक जुनं पुस्तक हवं आहे. म्हाताऱ्या माणसासाठी शोधतोय म्हटलं की दारं उघडतात. संशोधन करतोय म्हटलं की वरून परवानगी आणा म्हणतात.

वही हातात आली की नाव शोधत बसू नका. ‘कोणाकडून मिळालं’ हा रकाना वरून खाली नुसता चाळत जा. एका जागी एकाच माणसाचं नाव सलग पन्नास-शंभर ओळी आलेलं दिसेल. ते भेट मिळालेलं कपाट. आडनाव मराठी असेल तर तिथे थांबा आणि आता नावं वाचा. जुन्या मराठी घरातलं कपाट एकदा पाहिलं की बाकीची ओळखीची वाटतात : हरिभाऊ, नाथमाधव, ‘गीतारहस्य’, केतकरांच्या ज्ञानकोशाचे दोन-तीन सुटे खंड, एखादी पाकशास्त्राची चोपडी, ‘मनोरंजन’चे बांधलेले अंक. हवं ते सापडलं की दाखल क्रमांक उतरवून घ्या आणि त्याच्या पुढचे-मागचे वीस-पंचवीस क्रमांकही घ्या. हे महत्त्वाचं आहे. पुष्कळ वाचनालयांत जी पुस्तकं नव्या वर्गीकरणात बसवली गेली नाहीत ती मागच्या खोलीत निव्वळ दाखल क्रमांकाने लावलेली असतात, त्यामुळे एक शेजारी सापडला की बाकीची बिऱ्हाडंही तिथेच मिळतात.

शेऱ्याचा रकाना नीट वाचा. ‘बाद’ असेल तर पुस्तक रद्दीत गेलं, विषय संपला. ‘गहाळ’ असेल तर पूर्ण विश्वास ठेवू नका. एखाद्या वर्षीच्या मोजणीत ते जागेवर नव्हतं, एवढंच त्यातून कळतं, आणि चुकीच्या कपाटात असलेलं पुस्तकही जागेवर नसतंच. आणि ‘बांधणीस’ असा शेरा असेल तर कान टवकारा. बांधणीला गेलेलं पुस्तक परत येतं ते नवा जन्म घेऊन. मूळचं चित्राचं वेष्टन गेलं, पाठीवरचं नाव गेलं, वर निळं किंवा तपकिरी कापड, आणि पाठीवर नुसता आकडा. असं पुस्तक नावाने शोधून कोणाला दिसणार? शिवाय खर्च वाचवायला बाइंडर दोन-तीन पातळ पुस्तकं एका बांधणीत घालायचा. नाटकांच्या बाबतीत हे फार झालं आहे. नोंद पहिल्या नाटकाची, पोटात आणखी दोन. तुम्हाला गडकऱ्यांची नाटकं हवी आहेत, तर निनावी कापडी पाठीचं प्रत्येक जाडजूड पुस्तक उघडा आणि पहिलं पान बघून ठेवून देऊ नका, मध्यावरही उघडून पाहा. बडोद्यात एका सद्गृहस्थांनी वाचनालयाला दिलेल्या गठ्ठ्यात मला असं एक पुस्तक मिळालं होतं. वर कोणत्या तरी विस्मृतीत गेलेल्या संगीत नाटकाचं नाव होतं, आत शेवटी ‘भावबंधन’ होतं, आणि समासात पेन्सिलीने कोणीतरी ‘इथे हशा’ असं लिहून ठेवलं होतं.

मासिकांचे बांधीव खंडही असेच दुर्लक्षित. हरिभाऊंच्या बऱ्याच कादंबऱ्या आधी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आल्या होत्या. ‘करमणूक’ १८९० साली सुरू झालं. त्याचे खंड तुमच्या गावात मिळतील असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चे मिळू शकतात, आणि ज्या मासिकाने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला त्याचा एखादा खंड सासूबाईंच्या मांडीवर ठेवलात तर दुपार कशी गेली ते त्यांना कळणार नाही.

वेळ सांभाळून जा. सकाळी वर्तमानपत्रवाले असतात. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि ती जागा सोडत नाहीत, कारण वाचनालय म्हणजे आता त्यांची अभ्यासिका झाली आहे. त्याबद्दल मला तक्रार नाही, निदान दिवे लागतात. दुपारी दोन ते चार हा आपला वेळ. बरोबर सुती फडकं न्या, धुळीने शिंका येत असतील तर नाकाला रुमाल बांधा. पान तपकिरी पडून कडेने मोडत असेल तर ते पुस्तक घरी न्यायचा हट्ट धरू नका आणि झेरॉक्सच्या काचेवर दाबूनही धरू नका, पाठ तिथेच तुटते. परवानगी घेऊन मोबाइलवर पानं टिपा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावण्याचं पुण्यकर्म तर मुळीच करू नका.

एक सावधगिरी आवृत्तीबद्दल. जुन्या पुस्तकांच्या शाळा-कॉलेजांसाठी केलेल्या छोट्या आवृत्त्या पुष्कळ निघाल्या आणि लहान गावांत त्याच जास्त पोचल्या. ‘संक्षिप्त’ हा शब्द शीर्षकपानावर बारीक अक्षरांत असतो, तो बघून घ्या. ‘स्मृतिचित्रे’ची अशी काटछाट केलेली प्रत हाती आली तर सासूबाई दहाव्या पानावर म्हणतील, ‘अगं, यातलं ते कुठे गेलं?’ ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापला तो त्यांनी हात फिरवलेला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. दोन्ही वाचनीय, पण एक नाहीत. तुकोबांची गाथा हवी असेल तर १९५० साली मुंबई सरकारने काढलेली, किंवा तिचं पुढचं पुनर्मुद्रण, डोळे मिटून घ्या.

एखादं पुस्तक मुळात कधी, कोणी काढलं असा प्रश्न पडला तर शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहायची. १८०० ते १९३७ पर्यंतची छापील मराठी पुस्तकं पहिल्या भागात, १९३८ ते १९५० दुसऱ्या भागात. एका माणसाने हे केलं यावर आजही विश्वास बसत नाही. ती तुमच्या गावात नसेल, त्यासाठी बडोद्याला यावं लागेल.

आणि बडोद्याला याच एकदा. मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालय आहे, महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह देऊन उभं केलेलं. आत लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत झिरपावा म्हणून. मी नवा होतो तेव्हा त्या काचेवर पाय टाकायला घाबरत असे. तिथल्या मराठी संग्रहात हरिभाऊ न मिळणं कठीण आहे. सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला यांत महाराजांनी मराठी-गुजरातीत करून घेतलेली छोटी-मोठी पुस्तकंही विचारून घ्या, ती दुसरीकडे सहजासहजी दिसत नाहीत. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे. बाहेरच्या माणसाला तिथून पुस्तक घरी नेता येईल असं समजू नका, पण बसून वाचण्याबद्दल विचारायला हरकत नाही. मराठी वाङ्मय परिषदेच्या मंडळींना भेटा. २०१८ चं साहित्य संमेलन त्यांनीच इथे भरवलं होतं. कोणाच्या घरी कोणतं कपाट आहे हे जितकं अशा माणसांना माहीत असतं तितकं कुठल्याही सूचीत नसतं.

तुमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांकडून मध्यवर्ती ग्रंथालयाला पुस्तक उसनं मागणारं पत्र जाऊ शकतं का, तेही विचारा. लेखी विचारा. तोंडी विचारलं तर ‘नाही’ म्हणायला सोपं जातं. सूचनावहीत मराठी पुस्तकांची मागणीही लिहा, आणि एकटीने नव्हे, गावात जी चार मराठी घरं असतील त्यांच्या सह्या घ्या. खरेदीची यादी करणारा माणूस मागणीच्या कागदाकडे बघतो, हे मी त्या टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं आहे.

मोबाइलचा मार्ग शेवटी सांगतोय, पण तो कमी प्रतीचा नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, मग पुस्तक सगळ्यांचं. हरिभाऊ आणि गडकरी दोघेही १९१९ साली गेले, केशवसुत १९०५ साली, साने गुरुजी १९५० साली. यांचं लेखन कोणीही उतरवून घ्यावं. अत्रे १९६९ साली गेले, त्यांना अजून थोडा अवधी आहे, आणि खांडेकर-फडके तर त्यानंतरचे. मराठी विकिस्रोतावर बरंच टंकलेलं आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकांची पानं टिपून ठेवली आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालयाची हजारो मराठी पुस्तकं पडली आहेत, पण तिथेही नावं रोमनमध्ये आणि स्वर वाट्टेल तसे लांबवलेले. तेव्हा वर सांगितलेली ‘घेतो’ची युक्ती तिथेही वापरा. सासूबाईंची नजर कमी असेल तर टॅबलेटवर अक्षर मोठं करून देता येतं, जुन्या बारीक टायपापेक्षा ते बरं पडतं. मात्र माझ्या आईला टॅबलेटवर कीर्तन चाले, कादंबरी चालत नसे. ‘पान उलटल्यासारखं वाटत नाही’ म्हणायची. तुमच्याकडे काय होतं ते बघा.

पहिल्या खेपेला फक्त वही मागा आणि भेटीच्या रकान्यातलं ते एक मराठी आडनाव शोधा. दुसऱ्या खेपेला क्रमांकांची चिठ्ठी घेऊन मागच्या खोलीत जा. चिठ्ठीचा फोटो काढून मला पाठवलात तर बरं होईल, क्रमांकांच्या ठेवणीवरून आणि तारखांवरून कोणतं कपाट केव्हाचं याचा अंदाज मी इथे बसून देऊ शकेन. आणि निळ्या कापडातलं जाड काही दिसलं, तर आधी मधलं पान उघडा.